लिंडसे ट्रेवार्थाने न वाचलेली रेघ

लिंडसे ट्रेवार्था माझ्या बहिणीचा नवरा. मर्लचं लग्न होऊन सेहेचाळीस वर्षं झाली आणि तेवढी वर्षं मी त्याला जवळून बघत आले. माणूस सरळ, निर्व्यसनी, वेळेचा पक्का. पण चूक झाली असं कबूल करताना मी त्याला फार तर दोनदा पाहिलं असेल. पहिल्यांदा लग्नात, घाईघाईने तो चुकीच्या बोटात अंगठी घालायला निघाला होता. आमच्या पाद्रीबाबांनी नुसता घसा खाकरला आणि लिंडसे कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्यांदा झालं ते गेल्या वर्षी, आणि ते सोपं गेलं नाही. ना त्याला, ना मला.

अ‍ॅडलेडपासून दोनेक तासांवर, आमच्या वॉलारू बंदरावर धान्याची मोठी कोठारं आहेत, तिथे तो इलेक्ट्रिशियन होता. शेवटची अकरा वर्षं तर तपासनीसच. कुठल्याही मोटरला, पंपाला हात लावायच्या आधी समोरच्याला त्याचा एकच सवाल असायचा, "पाटी वाचलीस?" यंत्रावर जी धातूची पट्टी असते, किती व्होल्ट, किती अ‍ॅम्पिअर लिहिलेली, ती. लोक मागे त्याला 'पाटीवाला' म्हणायचे. त्यालाही ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

तपासनीस असताना त्याने रेग पोल्किंगहॉर्नची तक्रार केली होती. रेग त्याचा जुना जोडीदार, दोघांनी एकाच वर्षी कामाला सुरुवात केलेली. एका दुपारी धान्य वाहून नेणाऱ्या पट्ट्याची मोटर अडली. रेगने वीज तोडून स्विचला कुलूप न लावताच आत हात घातला आणि अडकलेली चिंधी ओढून काढली. काही झालं नाही. पण लिंडसेने पाहिलं आणि लेखी कळवलं. रेगचं मुकादमपद गेलं ते परत मिळालंच नाही. लिंडसे म्हणायचा, "नियम माणूस बघून बदलत नाही." बरोबरच होतं ते. तरी रेगच्या बायकोने मर्लशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आमचं मूंटा गाव केवढंसं. निवृत्त झालेली माणसं जाणार कुठे? जुन्या शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत दर शनिवारी सकाळी दुरुस्तीची शेड भरते. लोक बिघडलेल्या वस्तू आणतात, आम्ही जमेल तशा नीट करून देतो. लिंडसे विजेच्या टेबलावर. रेग दाराजवळ, कात्र्या-सुऱ्यांना धार लावत. मी खिडकीपाशी शिवणयंत्र घेऊन, लिंडसेच्या टेबलापासून दोन पावलांवर. लिंडसे आणि रेग एकमेकांना 'गुड मॉर्निंग' म्हणत आणि पुढचे तीन तास काहीही बोलत नसत.

ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, एका थंडगार शनिवारी सानाए हॉकिंग आली. सानाए मूळची जपानमधल्या ओनोमिचीची. जवळच्या पास्कविलच्या ग्रॅहम हॉकिंग या शेतकऱ्याशी लग्न करून पंचवीस वर्षांपूर्वी इकडे आली, शाळेच्या वाचनालयात काम करते. पडदे शिवायला माझ्याकडे यायची म्हणून माझी ओळख. त्या दिवशी तिच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं.

टॉवेल उलगडला तर आत एक जुनी गेम-मशीन. लाल आणि दुधी रंगाची, डब्याएवढी, दोन बाजूंना हातात धरून खेळायचे दोन चपटे कंट्रोलर, तारांनी मशीनलाच जोडलेले.

"हे आमच्या घरातलं," सानाए म्हणाली. "माझ्या ताईने पाठवलं. आम्ही शाळेत असताना खेळायचो. पहिला कंट्रोलर नेहमी तिचा. माझ्या वाट्याला हा दुसरा, याला खेळ सुरू करायचं बटणच नाही. पण याच्यात बोलायला छोटा माइक आहे. मी त्यात फुंकर मारून तिला त्रास द्यायचे."

ती हसली, तशी लगेच गंभीरही झाली. तिचं आणि तिच्या थोरल्या बहिणीचं, किमीएचं, चार वर्षं बोलणं नव्हतं हे मला माहीत होतं. आईच्या शेवटच्या दिवसांत सानाए जाऊ शकली नाही, मग आईचं घर विकताना दोघींत काहीतरी फाटलं. आणि आता न मागता किमीएने हे खोकं पाठवलं होतं. सोबत जपानी अ‍ॅडॅप्टर, आणि त्याला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी.

लिंडसेने मशीन उलटी करून पाहिली. शेडमध्ये त्या दिवशी शेजारच्या कडीना गावाहून दोन नवे सभासद शिकायला आले होते, तेही जवळ सरकले. लिंडसेला ऐकणारं कोणी मिळालं की त्याचा आवाज अर्धी पट्टी वर जातो.

"हा काळा अ‍ॅडॅप्टर भिंतीत लावलास का?" त्याने विचारलं.

"नाही. पिनाच बसत नाहीत. ग्रॅहम म्हणाला, प्रवासात वापरतो तो जोड लावून बघू."

"ग्रॅहमला म्हणावं, तू आपली बार्ली पेर. तो जोड नुसता पिनांचा आकार बदलतो, वीज बदलत नाही. जपानात भिंतीतून शंभर व्होल्ट येतात. आपल्याकडे दोनशे तीसच्या वर. हा ठोकळा आपल्या भिंतीत खुपसलास तर आधी तापेल, मग वितळेल, आणि घरात कोणी नसेल तर पडदेही घेऊन जाईल."

नवे सभासद माना डोलवू लागले. यात खोटं काहीच नव्हतं. त्याने एवढ्यावर थांबून मशीन परत गुंडाळली असती तरी तिचं भलं झालं असतं.

"मग तो व्होल्ट कमी करणारा मोठा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल का?" सानाएने विचारलं. "इंटरनेटवर तसं लिहिलंय."

"घेता येईल. विटेएवढा जड, गुरगुरत बसतो. पण गरज काय? हा जपानी ठोकळा विसरून जा. मशीनला जे हवंय ते आपल्याच अ‍ॅडॅप्टरने देऊ."

टेबलाखाली त्याचं एक खोकं असतं. घराघरांतून आलेले, मालक हरवलेले अ‍ॅडॅप्टर. त्यात हात घालून त्याने एक करडा ठोकळा काढला. त्याच कंपनीची जी मशीन त्या काळी आपल्या देशात विकली जायची, तिचा. कंपनी तीच, तारेच्या टोकाचं बोंड तेच.

"बघा," तो नव्या सभासदांना म्हणाला, "मशीनला हवेत दहा व्होल्ट, साडेआठशे मिलिअ‍ॅम्पिअर. हा देतो नऊ व्होल्ट, तेराशे. नऊवर ती सुखाने चालते. अ‍ॅम्पिअर जास्त असले तर बिघडत नाही, मशीन लागेल तेवढेच ओढते. कमी असले तर मात्र अ‍ॅडॅप्टर तापतो. आणि बोंड बसतंय. म्हणजे झालं."

चष्मा त्याच्या कपाळावर होता. आकडे मोठे होते, ते त्याला दिसले. आकड्यांच्या बाजूची बारीक खूण दिसली नाही, किंवा त्याने पाहिली नाही. मीटर हातभर अंतरावर पडला होता. तोही त्याने उचलला नाही.

सानाए म्हणाली, "ताईने चिठ्ठीत काहीतरी..."

"आता बघ तू," लिंडसे म्हणाला. त्याने मशीनची तार शेडमधल्या टीव्हीला जोडली, ठोकळा भिंतीत लावला आणि बटण सरकवलं.

टीव्ही काळाच राहिला. मशीनमधून माशी अडकल्यासारखी गुणगुण आली, मग 'टक्' असा आवाज. फार मोठा नाही. आणि पाठोपाठ जळक्या मासळीसारखा वास.

लिंडसेने तार ओढून काढली. अ‍ॅडॅप्टर उलटा केला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लेबल वाचलं. मी शिवणयंत्रावरून मान वर केलेली होती. त्याचे कान लाल होताना मी पाहिले, लग्नातल्यासारखेच. मग त्याने तो अ‍ॅडॅप्टर खोक्यात परत न टाकता कोटाच्या खिशात घातला.

दाराजवळ रेगचं धारेचं चाक थांबलं होतं.

"काय झालं?" सानाए घाबरून म्हणाली.

लिंडसेने रेगकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "चाळीस वर्षांची मशीन आहे बाई. बोटीने नाहीतर विमानाने आली, वाटेत आपटली असेल. आतलं आधीच गेलेलं होतं. वीज दिली, तशी उरलीसुरली मान टाकली."

"म्हणजे ताईने बिघडलेलीच पाठवली?"

"मुद्दाम नसेल. पण... हो. तसंच दिसतंय."

सानाएने काय करावं? ती कमरेत थोडी वाकली आणि म्हणाली, "सॉरी, लिंडसे. तुमचा उगाच वेळ घालवला. तुमच्या टेबलावर वास पण केला."

तो काहीतरी पुटपुटला. ठेव इथे, बघतो, असं काहीसं.

त्या दिवशी कचरा काढायची पाळी माझी होती. डबा उलटा केला तर चहाच्या पिशव्यांखालून तो करडा ठोकळा निघाला. तार मुळाशी कापलेली. माझा नवरा, देव त्याला सुखी ठेवो, रेडिओ दुरुस्त करायचा, त्यामुळे एवढं मला कळतं. जिथे बाहेर पडणाऱ्या विजेचे आकडे लिहितात तिथे छोटी रेघ असते. सरळ रेघ असली तर वीज एकाच दिशेने वाहणारी. नागमोडी असली तर उलटसुलट धावणारी, भिंतीतल्यासारखी. या ठोकळ्यावर नागमोडी होती. इथली मशीन ती उलटसुलट वीज आत घेऊन स्वतःच सरळ करून घ्यायची. जपानी मशीन तसं करत नाही. तिच्या पोटात ती वीज गेली, की संपलं.

मी ठोकळा परत डब्यात टाकला, वर चहाच्या पिशव्या सारल्या आणि पिशवीचं तोंड बांधलं. मर्लचा नवरा आहे, म्हटलं. म्हातारा माणूस, होते चूक. मशीनच तर आहे. असं बरंच काही मी स्वतःला सांगितलं, आणि घरी जाऊन जेवले.

पुढचे तीन आठवडे लिंडसे गॅरेजमधून बाहेर पडला नाही. अ‍ॅडलेडहून त्याने सुटे भाग मागवले. व्होल्ट धरून ठेवणारा तीन पायांचा तुकडा जळला होता, दोन कपॅसिटर फुगून फुटले होते. ते काढून त्याने नवे डाखून बसवले. मुख्य चिप वाचली होती, ते नशीब. मग कडीनाच्या दुकानातून नवाकोरा अ‍ॅडॅप्टर आणला. या वेळी लेबल भिंग लावून वाचलं, बोंडाच्या आतबाहेर मीटर लावून पाहिला, तीन वेळा. मर्ल म्हणाली, "बॉम्ब निकामी करतोयस का रे?" तो हसला नाही.

मशीन चालू झाली. सानाएने शेडमध्ये पडद्यावर तो जुना खेळ उमटलेला पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लिंडसेचे दोन्ही हात धरले. गावच्या पत्रिकेसाठी फोटो काढणारे गृहस्थ नेमके तिथेच होते. लिंडसे म्हणत राहिला, "राहू दे, फोटो कशाला, माझं काही नाही त्यात." सगळ्यांना वाटलं, केवढा हा विनय. पुढच्या अंकात अर्धं पान. 'मेलेल्या मशीनला मूंटात जीवदान'.

मर्लने ते पान कापून फ्रीजवर लावलं. सकाळी ते खाली पडलेलं असायचं. ती म्हणायची, चुंबकच कुचकामी, आणि परत लावायची. मला ठाऊक होतं ते कसं पडतं. मी गप्प बसून चहा ढवळायची.

सप्टेंबरच्या शेवटी बेकरीत मटण-बटाटा भरलेल्या पेस्टीच्या रांगेत सानाए माझ्या पुढे होती. तिचा चेहरा उतरलेला होता.

"मशीन बिघडली का गं परत?" मी विचारलं.

"मशीन छान आहे. पण लावावीशी वाटत नाही."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. ती बोलली ते असं. त्या पहिल्या शनिवारी घरी जाऊन तिने रागाच्या भरात बहिणीला लिहिलं होतं, तू नेहमीसारखी न बघताच पाठवून दिलीस, आईच्या घराचंही असंच केलंस. किमीएने उलट लिहिलं, मी ती दुकानात नेऊन तपासून घेतली होती, टीव्हीची नवी तारही बसवून घेतली, दुकानदाराने माझ्यासमोर चालवून दाखवली. सानाएने पुन्हा लिहिलं, इथल्या माणसाने उघडून पाहिली, आत आधीच जळलेली होती, तो चाळीस वर्षं हेच काम करतोय, तो कशाला खोटं बोलेल. त्यावर बहिणीचं एका ओळीचं उत्तर आलं.

"काय लिहिलं?"

"यापुढे काही पाठवणार नाही." सानाएने पेस्टीचा कागद चुरगळला. "ग्लेनिस, ती साठीची आहे. ट्रेनने दुसऱ्या गावातल्या दुकानात गेली असेल. आणि मी... पण मग ती खोटं का बोलते? चुकून आपटली असेल म्हणाली असती तरी मी ऐकलं असतं."

खोटं कोण बोललं ते मला ठाऊक होतं. तिच्याजवळ बसून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथेही काही बोलले नाही. ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

तिथून मी थेट लिंडसेच्या गॅरेजवर गेले. तो पंख्याचं पातं पुसत होता.

"सानाएचं आणि तिच्या बहिणीचं मोडलं," मी म्हटलं. "तुझ्या बोलण्यावरून." आणि सगळं सांगितलं.

तो पातं पुसतच राहिला.

"लिंडसे, मी तो अ‍ॅडॅप्टर पाहिला होता. कचऱ्यात. तार कापलेला."

हात थांबला. "कधी?"

"त्याच दिवशी."

"आणि आज बोलतेस?"

"हो, आज बोलते. मलाही लाज वाटतेय, तू नको दाखवूस ती. पण पहिलं तोंड तू उघडायला हवं होतंस."

तो स्टुलावर बसला. एकदम म्हातारा दिसला.

"त्याच मिनिटाला म्हटलं असतं ना ग्लेनिस, माझं चुकलं, लेबल वाचलं नाही, तर एका वाक्याचं काम होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण रेग बघत होता."

"रेगचं काय?"

"मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, त्या वेळी. पाटी वाचलीस का, कुलूप लावलंस का. तो म्हणाला होता, लिंडसे, घाईत राहिलं, एवढ्यावर सोड. आणि मी सोडलं नाही. आता मी त्याच्यासमोर काय म्हणू, घाईत राहिलं?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "नंतर मशीन नीट केली, वाटलं फिटलं. तर ते फोटो, ते फ्रीज. ती बिचारी माझे हात धरून रडली गं. त्या दिवसापासून घास गोड लागत नाही."

"तिला सांग."

"सांगतो."

"घरी जाऊन हळूच नाही."

"नाही," तो म्हणाला. "खोटं शेडमध्ये बोललोय."

मर्लला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. मर्लने फ्रीजवरचं पान काढलं, चार घड्या घातल्या आणि चुलीत घातलं. दोन दिवस ती त्याच्याशी हो-नाही एवढंच बोलली.

शनिवारी मी सानाएला बोलावून घेतलं. शेडमध्ये आठ-दहा माणसं होती. लिंडसे टेबलामागे बसला नाही, पुढे येऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"सानाए, तुझी मशीन चांगली होती," तो म्हणाला. "तुझ्या बहिणीने चालू मशीन पाठवली होती. ती मी जाळली. मी लावला तो अ‍ॅडॅप्टर चुकीचा होता. लेबलवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. आणि नंतर तुला खोटं सांगितलं."

"परत सांगा," सानाए म्हणाली. इंग्रजी तिला उत्तम येतं, तरी ती म्हणाली, परत सांगा. त्याने पुन्हा सांगितलं, शब्दनशब्द.

"मी तुमची माफी मागितली होती," ती म्हणाली. "इथेच. वास केला म्हणून."

"हो."

"आणि तुम्ही मागू दिलीत."

"हो."

त्या कडीनाच्या दोघांपैकी एकाने आपल्या बुटांकडे पाहायला सुरुवात केली. मग दाराजवळून रेगचा आवाज आला.

"चोवीस वर्षं वाट पाहिली मी अशा सकाळची," तो म्हणाला. "आणि आता बघ, मजाच येत नाहीये." त्याने हातातली कात्री खाली ठेवली आणि बाहेर सिगरेट ओढायला गेला. लिंडसे त्याच्यामागे जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. त्या दोघांचं काय बोलणं व्हायचं ते झालं असेल तर ते मला माहीत नाही.

सानाएने पर्स उचलली. "माझ्या बहिणीला हे तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी फक्त भाषांतर करीन. माझ्या शब्दावर तिने आता का विश्वास ठेवावा?"

रविवारी सकाळी मी त्याला गाडीने पास्कविलला नेलं. त्याने टाय बांधला होता. सानाएच्या स्वयंपाकघरात टेबलावर फोन उभा केलेला, शेजारी ती लाल-दुधी मशीन आणि तिचा नवा अ‍ॅडॅप्टर. ग्रॅहम आम्हाला बघून कुत्र्याला घेऊन बाहेर निघून गेला.

पडद्यावर किमीए आली. आखूड पांढरे केस, अंगावर स्वयंपाकाचा एप्रन. ती नमस्काराला किंचित वाकली. लिंडसे तिच्याहून जास्त वाकला, इतका, की कपाळ फोनला लागलं आणि फोन आडवा झाला. सानाएने तो सरळ केला. कोणी हसलं नाही.

लिंडसे एकेक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. सानाए ते जपानीत सांगायची. "तुमची मशीन चांगली होती. ती मी बिघडवली. ती बिघडलेलीच आली, असं मी तुमच्या बहिणीला खोटं सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, हा तिचा दोष नाही." शेवटचं वाक्य भाषांतर करताना सानाएचा आवाज चिरकला.

किमीएने एक प्रश्न विचारला.

"ती विचारतेय, आता कुठला अ‍ॅडॅप्टर लावलाय?" सानाए म्हणाली.

लिंडसेने नवा अ‍ॅडॅप्टर उचलला, चष्मा लावला आणि लेबल फोनसमोर धरून वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवत. "भिंतीतून आत, दोनशे तीस ते दोनशे चाळीस व्होल्ट. म्हणजे आमच्याकडचं. बाहेर, नऊ व्होल्ट, सरळ रेघ, एका दिशेची वीज. एक हजार मिलिअ‍ॅम्पिअर. मधलं टोक ऋण, बाहेरचं कडं धन. आणि ही आमच्या देशातली सुरक्षिततेची खूण."

सानाएने सांगितलं. किमीएने मान हलवली आणि पुढे बोलली.

"काय म्हणते?" लिंडसेने विचारलं.

"म्हणते, दुकानदाराने तिला हेच सांगितलं होतं. सरळ वीज, मधलं टोक ऋण. ते तिने चिठ्ठीवर लिहून बांधलं होतं." सानाएने खाली पाहिलं. "मी वाचली होती चिठ्ठी. मला वाटलं, तुम्हाला कळतंच सगळं. मी जोर करून सांगायला हवं होतं."

"तू सांगत होतीस," लिंडसे म्हणाला. "मीच ऐकलं नाही. हेही तिला सांग."

तिने सांगितलं की नाही, कोण जाणे. कारण त्यानंतर दोघी बहिणी आपापसातच बोलू लागल्या, आधी हळू, मग भराभर, मग दोघीही एकदमच. किमीएचा आवाज चढला. सानाएचाही चढला. एक शब्द कळत नव्हता, पण मशीनबद्दल ते नव्हतं एवढं कळत होतं. मधेच सानाए आमच्याकडे वळली, नाक पुसलं आणि म्हणाली, "तुम्ही आता गेलात तरी चालेल."

"तिने माफ केलं का?" लिंडसेने दारातून विचारलं.

"ती म्हणाली, ऐकलं," सानाए म्हणाली, आणि परत फोनकडे वळली.

त्या दोघी आता दर रविवारी बोलतात. भांडतातही, असं सानाए सांगते. माझ्याकडे ती पूर्वीसारखीच येते. मीही तो ठोकळा पाहिला होता, हे मी तिला पुढच्याच आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही बेकरीत माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात." एवढंच. तो हात मला अजून जड लागतो. लिंडसेला ती भेटली की 'गुड मॉर्निंग' म्हणते, पण घरातला टोस्टर बिघडला तेव्हा तो तिने कडीनाला नेला. त्याने काही वाईट मानलं नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही नेला असता, म्हणाला.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा अख्खा उन्हाळा तो शेडमध्ये आला नाही. मार्चमध्ये आला, कारण विजेचं टेबल रिकामं होतं आणि लोक किटल्या घेऊन परत जात होते. आता तो काहीही भिंतीत लावायच्या आधी वस्तू आणणाऱ्याच्या हातात ती देतो आणि म्हणतो, लेबल मोठ्याने वाच, मी ऐकतो. लोकांना वाटलं, बिचाऱ्याची नजर गेली. एकाने तर तसं विचारलंच.

"नजर शाबूत आहे," लिंडसे त्याला म्हणाला. "मी एकदा लेबल न वाचता एका बाईची मशीन जाळली, आणि वर तिच्या बहिणीवर ढकललं. म्हणून."

तो माणूस आपला साधा इस्त्री घेऊन आलेला शेतकरी. त्याने ऐकून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मग इस्त्रीचं लेबल वाचायला लागला. लिंडसे दर वेळी हे असंच सांगतो, नवीन कोणी आलं की. मर्ल म्हणते, "अरे, किती लोकांना सांगणार आहेस? लोक चहा टाकून पळतात."

"पळू देत," तो म्हणतो, आणि मीटर उचलतो.